दुकानाच्या सर्व्हरची सिस्टीम बदलायची आहे: दुरून की समोर बसून?

व्यापारी बंधूंनो, ज्याच्या दुकानात कॉम्प्युटर नाही असा कापडवाला आज जुन्नर, नारायणगाव, मंचर किंवा घोडेगावच्या पेठेत शोधूनच काढावा लागेल. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला आणि वडिलांच्या लाल बहीवर समाधानी असलेले आमच्यासारखे लोकही मुकाट्याने कीबोर्डसमोर येऊन बसले. एके काळी जुन्नरचे मुसलमान कागदी जो हातकागद बनवत तो जुन्नरी कागद पेशव्यांच्या दप्तरात वापरला जात असे. तो कागद आजही वाचता येतो. कॉम्प्युटरमधला हिशेब मात्र दर काही वर्षांनी नव्या घरात हलवावा लागतो, आणि ही हलवाहलव कशी करावी याचा विचार आपण फारसा करत नाही. आम्हीही केला नव्हता. त्याची किंमत आम्ही मोजली, म्हणून हा लेख.

आमचे मूळ दुकान जुन्नरला आणि दुसरे मंचरला, म्हणजे आंबेगाव तालुक्यात. दोन्हींमध्ये तीसेक किलोमीटरचे अंतर, पण माल एक, हिशेब एक, उधारीची यादीही एक. जुन्नरच्या दुकानाच्या माळ्यावर, साड्यांच्या गठ्ठ्यांपलीकडे एक मशीन रात्रंदिवस चालू असते. त्याला सर्व्हर म्हणतात. टॅलीचा सगळा हिशेब त्यात राहतो. खालचे दोन काउंटर आणि मंचरचा काउंटर त्याच्याशी जोडलेले. मंचरला एखादा ड्रेसपीस विकला की जुन्नरच्या स्टॉकमधून तो त्याच क्षणी कमी होतो. सोय मोठी आहे, पण सगळी दोरी एकाच खुंटीला बांधलेली आहे, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते.

या मशीनमध्ये विंडोज सर्व्हर 2012 आर-2 नावाची ऑपरेटिंग सिस्टीम होती. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशीन चालवणारा मूळ कारभारी. टॅली, प्रिंटर, नेटवर्क हे सगळे त्याच्या हुकमाने चालते. मायक्रोसॉफ्टने या सिस्टीमची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती 10 ऑक्टोबर 2023 रोजी बंद केली. आता कोणी म्हणेल, दुरुस्ती बंद झाली तर काय बिघडले, मशीन तर चालतेच आहे. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातल्या मशीनमधल्या फाइली कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही किंवा ज्यांची सिस्टीम इतकी जुनी की त्यांना ती मिळालीच नाही, ते सापडले. तेव्हा सिस्टीम बदलणे ही हौस नव्हे. हिशेबाची वही कायद्याने वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळावी लागते. ती कोणी कुलूपबंद केली तर अधिकाऱ्यासमोर काय ठेवणार?

आमच्या मशीनचे काम पुण्याचे एक कॉम्प्युटरवाले पाहतात. तरुण, हुशार आणि बोलण्यात सरळ. त्यांनी सांगितले, "शेठ, 2019 ची सिस्टीम टाकू. मी जुन्नरला आलो तर फेरीचे दीड हजार होतील आणि माझा दिवस जाईल. नाहीतर रात्री दुकान बंद झाल्यावर इथूनच एनीडेस्कने करून टाकतो." आम्ही व्यापारी माणसे. दीड हजार वाचतात हे ऐकल्यावर पुढचे ऐकलेच नाही. ऑक्टोबर 2023 चा शेवटचा आठवडा होता, दिवाळी 12 नोव्हेंबरला. सीझनच्या आधी काम उरकावे म्हणून रात्रीचीच वेळ ठरवली. शटर ओढले आणि घरी जाऊन झोपलो.

सकाळी साडेनऊला शटर उघडले तर तिन्ही काउंटर मुके. मंचरहून फोन, "सर्व्हर सापडत नाही." पुण्याला फोन लावला तर ते बिचारे रात्रभर जागे होते. सिस्टीमचे काम सुरू झाले, मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला गेले आणि तिथून पुढे त्यांना काही दिसेचना. अर्धा तास, एक तास, तीन तास वाट पाहिली. मशीन काम करते आहे, की अडकले आहे, की मेले आहे, हे पुण्यात बसून कळायला मार्गच नव्हता. शेवटी ते पहिल्या एसटीने निघाले आणि दुपारी दीडच्या सुमारास आमच्या माळ्यावर चढले.

मशीनला पडदाच जोडलेला नव्हता. खालून एक पडदा नेऊन जोडला. त्यावर इंग्रजीत एवढेच लिहिले होते की कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-1 बटण दाबा. सहा महिन्यांपूर्वी काउंटरचा कीबोर्ड बिघडला तेव्हा आमच्याच माणसाने सर्व्हरचा कीबोर्ड काढून खाली लावला होता. तेव्हापासून इन्व्हर्टरच्या कृपेने मशीन एकदाही बंद झाले नव्हते, म्हणून कोणाला पत्ता नाही. मशीन रात्री सुरू होऊ लागले, त्याने आपले हातपाय तपासले, कीबोर्ड दिसला नाही म्हणून ते थांबले. कीबोर्ड नाही आणि बटण दाबा! आम्ही हसलोही आणि कपाळावर हातही मारला. काउंटरचा कीबोर्ड आणून लावला, एफ-1 दाबले आणि राहिलेले काम पुढे चालू झाले. पुण्याहून 90 किलोमीटर येऊन त्या माणसाने पहिले काम केले ते एक बटण दाबण्याचे.

गंमत इथेच संपली असती तर बरे होते. सिस्टीम पूर्ण बसली, पण मशीनचा नेटवर्कचा कायम पत्ता पुसला जाऊन त्याने स्वतःच नवा पत्ता घेतला होता. म्हणजे दुकान तेच, पण पाटी बदललेली. मंचरचा काउंटर जुन्या पत्त्यावर हाका मारत राहिला. हे काम पुण्यातून होणारच नव्हते, कारण पुण्याहून येणारी वाटही त्याच नेटवर्कमधून जाते. समोर बसून ते दहा मिनिटांत झाले. पण तोवर दुपारचे चार वाजले होते आणि ऐन गर्दीचा दिवस हातचा गेला होता.

त्या दिवशी दोन्ही दुकानांत हाताने बिले फाडली. तिथे दुसरा घोळ झाला. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचे नंबर ओळीने असावे लागतात आणि वर्षात एकच नंबर दोनदा येता कामा नये. घाईत आमच्या माणसाने आदल्या रात्रीच्या कॉम्प्युटर-बिलाच्या पुढचा नंबर हाताने लिहायला सुरुवात केली. मंचरवाल्यानेही तेच केले. एकाच नंबरची दोन-दोन बिले. 11 तारखेला जीएसटीआर-1 भरायच्या आधी आमच्या हिशेबनीसाला ते सोडवत बसावे लागले. नियमात एकापेक्षा जास्त मालिका ठेवायला परवानगी आहे. तेव्हा हातबिलांचे छापील पुस्तक वेगळ्या अक्षराने सुरू होणारे, दोन्ही दुकानांचे वेगवेगळे, तयार असावे. आता आमच्याकडे आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी छापखान्याला आजच फोन करावा.

या सगळ्यात पुण्याच्या त्या माणसाचा दोष आम्ही काढत नाही. दोष कामाच्या पद्धतीत होता. एनीडेस्क किंवा तसली दुरून चालवणारी साधने ही सिस्टीमच्या आत बसून चालतात. सिस्टीम जिवंत तर ती जिवंत. आणि इथे बदलायची होती सिस्टीमच. ज्या फांदीवर बसायचे तीच फांदी कापायला घेण्यासारखा हा प्रकार. बदल सुरू झाला की साधन मरते, नवी सिस्टीम उभी राहिली तरच ते पुन्हा जागे होते. मधल्या वेळात मशीन जे बोलते ते फक्त त्याच्या स्वतःच्या पडद्यावर. मशीनचा हा स्वतःचा पडदा आणि कीबोर्ड, यालाच कॉम्प्युटरवाले कन्सोल म्हणतात.

आम्हाला वाटत होते की असे फजितीचे प्रसंग आपल्यासारख्या अडाण्यांवरच येतात. पण 4 ऑक्टोबर 2021 ची रात्र आठवा. त्या रात्री नऊनंतर व्हॉट्सअॅप बंद पडले होते आणि सुरतेच्या व्यापाऱ्यांना पाठवलेल्या ऑर्डरींवर दुसरी टिक येत नव्हती. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप तिन्ही जवळपास सहा तास बंद. कंपनीने नंतर सांगितले की देखभालीच्या कामात दिलेल्या एका हुकमाने त्यांच्या स्वतःच्या मशीनना जोडणारे जाळेच तुटले. आता दुरुस्ती करायची तर त्याच तुटलेल्या वाटेने जायचे होते! शेवटी माणसे प्रत्यक्ष मशीनपाशी पाठवावी लागली आणि तिथल्या कडेकोट बंदोबस्तामुळे आत शिरायलाही वेळ गेला. एवढी मोठी कंपनी, आणि अडचण तीच, जी आमच्या माळ्यावर होती.

19 जुलै 2024 चा प्रसंग तर त्याहून बोलका. क्राउडस्ट्राइक नावाची कंपनी कॉम्प्युटरच्या सुरक्षेचा प्रोग्रॅम पुरवते. तिने दुरून पाठवलेल्या एका सदोष फाइलने जगभरात सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकल्या. आपल्या देशात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीने चुकीची फाइल तासा-दीड तासात मागे घेतली, पण ज्या मशीन पडल्या त्यांना सुधारलेली फाइल घ्यायलाही उठता येत नव्हते. त्यांतल्या कित्येकींपाशी माणसाने जाऊन, सेफ मोडमध्ये सुरू करून ती फाइल पुसावी लागली. बिघाड दुरून एका क्षणात गेला, दुरुस्ती मात्र पायी चालत गेली.

दुरून काम करूच नये असे आमचे म्हणणे नाही. आपल्याच तालुक्यात त्याचे केवढे मोठे उदाहरण उभे आहे. नारायणगावहून खोडदकडे निघाले की शेतांमधून त्या पांढऱ्या जाळीच्या प्रचंड थाळ्या दिसू लागतात. ही जीएमआरटी, म्हणजे मोठी रेडिओ दुर्बीण. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. एकेक थाळी 45 मीटर व्यासाची, अशा 30. त्यातल्या 14 खोडदच्या मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये आणि 16 तीन दिशांना पसरलेल्या, सुमारे 25 किलोमीटरपर्यंत. पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गाच्या वादामुळे हिचे नाव आता चहाच्या टपरीवरही ऐकू येते. या सगळ्या थाळ्या खोडदच्या कंट्रोल रूममधून फिरवल्या जातात. ऑप्टिकल फायबर प्रत्येक थाळीपर्यंत गेलेली आहे आणि थाळीच्या पायथ्याला स्वतःचा कॉम्प्युटर आहे, जो वरून आलेला हुकूम ऐकतो. रोजच्या कामाला प्रत्येक थाळीखाली माणूस उभा करावा लागत नाही. पण मोटार किंवा इलेक्ट्रॉनिक्स बिघडले की गाडी काढून माणसे त्या थाळीपाशी जातात आणि वर चढतात. हुकूम दुरून, हात जवळ, दोन्हींची तयारी ठेवलेली.

याच खोडदच्या थाळ्यांनी 19 ऑक्टोबर 2016 रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या स्कियापारेल्ली यानाचा क्षीण आवाज ऐकला होता. मंगळाचे नाव निघाले म्हणून सांगतो. जिथे माणूस जाऊच शकत नाही तिथे काय करतात? अमेरिकेच्या नासाने मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीचे सॉफ्टवेअर 3 ते 7 एप्रिल 2023 या काळात पृथ्वीवरून बदलले. तिथे कोणी एफ-1 दाबायला नाही, आणि हुकूम पोचायलाच मिनिटेच्या मिनिटे लागतात. ते निभावते याचे एक कारण असे की त्या गाडीत एकासारखे एक असे दोन कॉम्प्युटर आहेत. एक अडला तर दुसरा काम हाती घेऊ शकतो.

आमच्या धंद्याला हा दुसरा कॉम्प्युटर परवडत नाही, पण दुसरी डिस्क परवडते. सिस्टीम बदलण्याआधी जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून घ्यायची आणि ती बाजूला ठेवायची. काम फसले तर नक्कल लावून सकाळी दुकान जुन्याच सिस्टीमवर उघडायचे. फक्त टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन भागत नाही. त्याने आकडे वाचतात, पण सिस्टीम, प्रिंटर, तिन्ही काउंटरची जोडणी हे सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. आणि नक्कल घेतली म्हणजे झाले असेही नाही, ती एकदा लावून पाहावी. थानाची गाठ न सोडता आतला माल घेणारा व्यापारी जसा फसतो तसेच हे आहे.

चांगल्या कंपनीचा खरा सर्व्हर घेतला तर आणखी एक वाट मिळते. डेलच्या सर्व्हरमध्ये आयड्रॅक आणि एचपीच्या सर्व्हरमध्ये आयएलओ नावाची सोय असते. ही मशीनच्या पोटातली वेगळी छोटी कळ, तिला स्वतःचे नेटवर्कचे भोक असते. मोठी सिस्टीम मेलेली असली तरी तिच्यामार्फत पुण्यात बसून आमच्या मशीनचा पडदा पाहता येतो आणि बटणे दाबता येतात. म्हणजे दुरूनच, पण कन्सोलवर. मात्र दुरून पडदा पाहण्याच्या सोयीसाठी बहुधा वेगळा परवाना विकत घ्यावा लागतो आणि ही वाट उघड्या इंटरनेटवर ठेवणे म्हणजे मागचे दार सताड उघडे टाकणे आहे. आमच्यासारखे जे सर्व्हरच्या नावाखाली जुळवलेले साधे मशीन वापरतात, त्यांच्याकडे ही सोय नसतेच. घेताना विचारावे.

काही कारखानदार आणि छापखानेवाले लिनक्स वापरतात. तिथला रिवाज जास्त समजूतदार वाटला. डेबियन नावाच्या लिनक्सच्या अधिकृत सूचनांत साफ लिहिले आहे की सिस्टीम बदलण्याचे काम मशीनच्या कन्सोलवर बसून करा, नाहीतर एसएसएच या सुरक्षित वाटेने करा. दुरून करत असाल तर स्क्रीनसारखा प्रोग्रॅम वापरा, म्हणजे मधेच इंटरनेट तुटले तरी आत चाललेले काम तुटत नाही. नवी सिस्टीम सुरू झाल्यावर नेटवर्कच उभे राहिले नाही तर काय कराल, याचीही तयारी ठेवायला ते सांगतात. उबुंटूचे साधन तर दुरून काम चालू आहे हे ओळखून जास्तीचे एक दार उघडून ठेवते. अर्थात दोन्ही दारे त्याच घराची. घरच उभे राहिले नाही तर दोन्ही निरुपयोगी.

मग दुरून काय करावे? पुष्कळ काही. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. तयार कपड्यांवर 5 टक्क्यांची मर्यादा नगामागे 1,000 रुपयांवरून 2,500 रुपयांवर गेली आणि त्यावरच्या कपड्याला 18 टक्के लागू झाला. टॅलीमधले दर पुण्याहूनच बदलून घेतले, अर्धा तासही लागला नाही. असल्या कामाला माणूस बोलावणे म्हणजे पैसे उडवणे. टॅली सिस्टीमच्या अंगावरचा कपडा आहे, तो दुरून बदलता येतो. बिलाचा नमुना बदलणे, नवा काउंटर जोडणे, प्रिंटर रुसला तर समजूत काढणे, हे सगळे दुरूनच करावे. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचे असेल आणि त्याच्या मूळ कारभाऱ्यालाच हात लागणार असेल, तेव्हाच मामला वेगळा होतो.

समोर बसून काम केले म्हणजे संकट टळले, असेही समजू नये. बदल चालू असताना वीज गेली तर समोर बसलेला माणूसही नुसता पाहत राहील. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून यूपीएसची बॅटरी आधी तपासून घ्यावी आणि काम कोरड्या दिवसांत काढावे. शिवाय जुन्नरला येणारा माणूस नेहमीच जाणकार असतो असे नाही. पुण्यातला कारागीर दुरून अधिक चांगले काम करील आणि गावातला नवशिका समोर बसून मशीनची वाट लावील, हेही आम्ही दुसऱ्यांच्या दुकानांत पाहिले आहे.

म्हणून आता आम्ही मधली वाट धरली आहे. विंडोज 10 ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. मंचरच्या काउंटरवर तीच होती. ते मशीन विंडोज 11 च्या अटीत बसेना, त्याचा प्रोसेसर जुना. नवे मशीन घेतले आणि त्याच वेळी जुन्नरच्या सर्व्हरच्या राहिलेल्या दुरुस्त्याही उरकायच्या ठरवल्या. दुकानाच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी काम ठेवले, म्हणजे दुसरा अख्खा दिवस हाताशी. पुण्याचे तेच कॉम्प्युटरवाले फोनवर आणि आमचा भाचा माळ्यावर, पडदा आणि कीबोर्ड जोडून. आमचे शिक्षण उर्दू माध्यमाचे. इंग्रजी वाक्य अक्षरे जोडत वाचेपर्यंत पडद्यावरून ते निघूनही जाते. म्हणून भाच्याला सांगितले की वाचून दाखवू नकोस, प्रत्येक वेळी फोटो काढून पाठव. मधे दोनदा मशीन बंद होऊन सुरू झाले. दुसऱ्या वेळी बराच वेळ काळा पडदा राहिला. भाचा घाबरून म्हणाला, "मामू, गेलं वाटतं." फोनवरून उत्तर आले, कशाला हात लावू नका, दिवा लुकलुकतोय का तेवढे बघा. लुकलुकत होता. अकरा मिनिटांनी पडदा उजळला. रात्री पावणेअकराला मंचरहून टेस्टचे बिल निघाले.

पुण्यावाल्यांनी त्या रात्रीचे सातशे रुपये घेतले आणि भाच्याने बिर्याणी. पडदा खाली नेला, तो काउंटरला लागतो. कीबोर्ड मात्र माळ्यावरच ठेवला आहे, वर चिठ्ठी चिकटवून की हा कोणी काढू नये.